रांजणांची राखण

तांदळाचं व्हिनेगर करायचं तर आधी तांदळाची दारू करावी लागते. दारू करायची तर त्याहीआधी तांदळातल्या पिष्टाची साखर करावी लागते, कारण यीस्टला पिष्ट पचत नाही. जपानमध्ये हे पहिलं काम कोजी करते. वाफवलेल्या तांदळावर वाढवलेल्या बुरशीला कोजी म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. तिने साखर केली की यीस्ट त्या साखरेची दारू करतं, आणि दारूला हवा मिळाली की अ‍ॅसेटिक जीवाणू तिचं आम्ल करतात. तीन जीव, तिघांची कामं वेगळी, आवडीनिवडी वेगळ्या. कोजीला ऊब आणि दमट हवा लागते, यीस्टचं हवेवाचून अडत नाही, अ‍ॅसेटिक जीवाणू हवेशिवाय काम करत नाहीत. या तिघांना ओळीने आपापलं काम करू देणं, एकाच्या वेळी दुसऱ्याला शिरू न देणं आणि चौथ्या कुणाला दारातच अडवणं, हा जपानी व्हिनेगर करणाऱ्यांचा धंदा. परंपरेप्रमाणे तो दीड हजार वर्षं चालू आहे.

या पुस्तकाचा विषय तो धंदा आणि त्यात आयुष्य घालवणारी माणसं हा आहे. मराठीत या विषयावर सलग लिहिलेलं फारसं नाही, त्यामुळे वाचकाला काहीच माहीत नाही असं धरून सुरुवात केलेली बरी. आपल्याकडे व्हिनेगर म्हटलं की चायनीजच्या गाडीवरची, हिरव्या मिरच्या घातलेली पांढरी बाटली आठवते. तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर ते व्हिनेगर बहुधा कृत्रिम निघतं. अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून ते केलेलं असतं, आणि तसं लेबलवर छापणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक केलं आहे. त्यात आंबटपणा असतो, दुसरं काही नसतं. तांदळापासून सावकाश केलेल्या व्हिनेगरमध्येही आम्ल साधारण चार-साडेचार टक्केच असतं. पण जोडीला अमिनो आम्लं, थोडी उरलेली साखर, इतर सेंद्रिय आम्लं आणि वास देणारे कितीतरी पदार्थ असतात. म्हणून ते घशाला झोंबत नाही, आणि भातावर घातलं तर भाताची चव झाकत नाही. गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करणाऱ्या घरांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. सोरपोतेलात कुठलं व्हिनेगर पडलंय हे तिथल्या जाणत्या बायका पहिल्या घासाला ओळखतात.

परंपरा सांगते की व्हिनेगर करण्याची विद्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराला, सम्राट ओजिन यांच्या काळात, चीनमधून दारू गाळण्याच्या विद्येसोबत जपानात आली आणि आजच्या ओसाकाच्या दक्षिणेकडच्या इझुमी प्रांतात रुजली. ‘इझुमीचं व्हिनेगर’ पुढे कित्येक शतकं नावाजलेलं होतं. दहाव्या शतकातल्या ‘एंगिशिकी’ या राजदरबारी नियमसंग्रहात तांदूळ, कोजी आणि पाणी किती घ्यायचं याची मापं आहेत. दरबारासाठी दारू गाळणारं खातंच व्हिनेगरही करत असे, आणि ते काही शतकं वरच्या वर्गाच्या ताटातच राहिलं. सामान्यांच्या घरी ते पोचलं एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून पुढे.

ते पोचवण्यात सुशीचा वाटा मोठा आहे. जुनी सुशी आज आपण ओळखतो तशी नव्हती. खारवलेला मासा भातात दडपून महिनोन् महिने ठेवायचा, भात आंबून त्यात लॅक्टिक आम्ल तयार व्हायचं आणि मासा टिकायचा. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही अशीच करतात. पुढे लोकांना तेवढं थांबवेना, म्हणून भातात थेट व्हिनेगर घालून आंबटपणा आणायची रीत पडली. १८१८ ते १८३० या बुन्सेई काळात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवून हातावर दाबून द्यायची सुशी लोकप्रिय झाली. तिचं श्रेय परंपरेने हानाया योहेई यांना दिलं जातं. ती रस्त्यावर उभ्याने खायची, झटपट आणि स्वस्त वस्तू होती. आता प्रश्न होता की एवढ्या मोठ्या शहराला पुरेल असं स्वस्त व्हिनेगर आणायचं कुठून.

त्याचं उत्तर चिता द्वीपकल्पावरच्या हांदा गावातून आलं. हा भाग साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांचा. साके पिळून काढल्यावर मागे चोथा उरतो, त्यात दारूचा अंश आणि स्वाद बराच शिल्लक असतो. नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये या चोथ्यापासून व्हिनेगर करायचा धंदा सुरू केला. हे किती धाडसाचं होतं ते साके गाळणाऱ्यालाच कळेल. ज्या जीवाणूपासून आपली दारू जिवापाड जपायची, त्यालाच घराशेजारी पाळायचं! एकदा तो साकेच्या पिंपात शिरला की सगळा माल गेला. माताझाएमोन ज्या घरी दत्तक आले होते ते घर साकेवरच चालत होतं, म्हणजे पणाला लागलं होतं ते घरच. चोथा दोन-तीन वर्षं मुरवला की तो तपकिरी होतो आणि त्याचं व्हिनेगर लालसर उतरतं. त्याला अकाझु, म्हणजे लाल व्हिनेगर म्हणतात. त्यातली अंगची गोडी आणि दाट चव सुशीच्या भाताला मानवली, आणि तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा ते स्वस्तही पडलं. हांदाहून पिंपं जहाजाने एदोला जाऊ लागली. आज मिझकान नावाने जगभर ओळखली जाणारी कंपनी ती हीच. ‘हस्तकला विरुद्ध उद्योग’ अशी सोपी मांडणी करणाऱ्यांनी हांदाचा इतिहास आधी वाचावा. ज्या व्हिनेगरला आज तोक्योतले निवडक सुशीवाले जुन्या चवीसाठी पुन्हा शोधत आहेत, ते जन्मलं होतं टाकाऊ चोथ्याचा पैसा करण्यासाठी आणि भरपूर माल स्वस्तात विकण्यासाठी. कारागिरी आणि व्यापार तेव्हा एकाच अंगणात नांदत होते.

दुसरा मोठा संप्रदाय क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, कागोशिमातल्या फुकुयामा गावचा. माझ्या मते या सगळ्या प्रांतातलं सर्वांत विलक्षण काम इथेच चालतं. गावाच्या तीन बाजूंना डोंगर, समोर खाडी, खाडीपलीकडे धुमसता साकुराजिमा ज्वालामुखी. हवा उबदार, झऱ्यांचं पाणी चांगलं, आणि जुन्या काळी बंदर असल्यामुळे तांदूळ हाताशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे उघड्यावर मांडलेल्या मातीच्या रांजणांत व्हिनेगर व्हायला लागलं. एका रांजणात साधारण ५४ लिटर मावतं, त्याची उंची माणसाच्या मांडीएवढी, तोंड लहान. उतारावर असे हजारो रांजण ओळीने मांडलेले असतात, आणि गावकरी त्या जागेला रांजणांचं शेतच म्हणतात.

इतरत्र कोजी, दारू आणि आम्ल या तीन पायऱ्या तीन वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या खोल्यांत होतात. इथे त्या एकाच रांजणात होतात. तळाशी कोजी, त्यावर वाफवलेला तांदूळ, मग पाणी. शेवटी कोरडी, चांगली वाढलेली कोजी पाण्याच्या पृष्ठभागावर हाताने अशी पसरायची की तिचं सलग झाकण तयार व्हावं. हिला ‘फुरी-कोजी’ म्हणतात. हाताचं खरं कसब इथे दिसतं. हे तरंगतं झाकण हवेतल्या नको त्या जंतूंना अडवतं आणि खाली चाललेल्या दारूच्या कामाला आडोसा देतं. ते फाटलं किंवा लवकर बुडालं तर रांजण बिघडतो. खालची दारू पुरी होत आली की ते झाकण आपोआप बुडतं, पृष्ठभाग मोकळा होतो, आणि तेव्हाच अ‍ॅसेटिक जीवाणूंना हवा लागते. बाहेरून कोणी काही मिसळत नाही. काम वसंतात आणि शरदात मांडतात. आम्ल तयार व्हायला काही महिने जातात आणि पुढे वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं मुरवणं चालतं. मुरताना ते काळसर होतं.

त्या सगळ्या काळात कारागीर काय करतो? तो फिरतो. झाकण उचलतो, वास घेतो, पृष्ठभागाचा रंग पाहतो, आत बुडबुड्यांचा आवाज येतो का ते कान लावून ऐकतो, बांबूच्या काठीने गरज असेल तिथेच हलवतो. एकाच दिवशी, एकाच मापाने भरलेले दोन शेजारचे रांजण सारखे चालत नाहीत. कोणाला ऊन जास्त मिळतं, कोणाची माती जास्त श्वास घेते. मागे राहिलेला रांजण ओळखून त्याच्याकडे लक्ष द्यायचं, पुढे गेलेल्याला मोकळं सोडायचं. पन्नास हजारांहून जास्त रांजण सांभाळणारं घरही तिथे आहे, आणि तिथेही शेवटचा निर्णय नाकानेच होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तांदूळ इतका दुर्मीळ झाला की तो व्हिनेगरसाठी वापरायला बंदी आली. बाजार पातळ केलेल्या अ‍ॅसेटिक आम्लाने भरून गेला. ते स्वस्त, लगेच मिळणारं आणि दिसायला स्वच्छ. त्या लाटेत फुकुयामातली घरं एकेक करून थांबली, आणि हे काम चालू ठेवणारं एकच घर उरलं, सकामोतो. त्यांनी १९७५ च्या सुमाराला या व्हिनेगरला ‘कुरोझु’, काळं व्हिनेगर, हे नाव दिलं आणि तेच पुढे रूढ झालं. २०१५ च्या डिसेंबरात जपान सरकारने भौगोलिक मानांकनाची पहिली यादी जाहीर केली, त्या मोजक्या सात नावांत कागोशिमाचं रांजणातलं कुरोझु होतं. एका घराने हात टेकले असते तर त्या यादीत लिहायला काही उरलं नसतं.

तिसरी परंपरा टाकीत किंवा लाकडी पिंपात, पृष्ठभागावर सावकाश आंबवण्याची. तिच्यात अनेक जुनी घरं येतात. फुकुई प्रांतातल्या ओबामा गावात १७१० पासून चालत आलेलं घर आहे, क्योतोत अठराव्या शतकातलं आहे, फुकुओका प्रांतातल्या ओकावात त्याच काळातलं आहे. दक्षिणेच्या अमामी बेटांवर उसाच्या रसाचं व्हिनेगर होतं, ते तर वेगळंच प्रकरण. पण या परंपरेचं मर्म समजून घ्यायला एकच घर नीट पाहणं पुरेसं आहे. क्योतो प्रांताच्या उत्तरेला, जपानी समुद्राकाठच्या मियाझु गावात १८९३ पासून चाललेलं ईओ जोझो.

इथे ताजी साके घरीच गाळतात. तिच्यात पाणी आणि आधीच्या खेपेचं तयार व्हिनेगर मिसळून ते कोमट करतात. जुनं व्हिनेगर घालण्यामागे विरजणाचाच विचार आहे: हवा तो जीवाणू आत आणायचा आणि आंबटपणामुळे नको ते बाहेर ठेवायचे. मग चालू टाकीवरचा जिवंत पापुद्रा जाळीने अलगद उचलायचा आणि नव्या द्रवावर तरंगत सोडायचा. तो बुडू द्यायचा नाही, कारण त्यातल्या जीवाणूंना वरूनच हवा मिळते. पांढुरके पुंजके हळूहळू पसरतात, एकमेकांना भिडतात आणि काही दिवसांत सगळा पृष्ठभाग झाकला जातो. पातळ, बारीक सुरकुत्यांचा पापुद्रा दिसला तर काम बरोबर चाललंय. जाड, गुळगुळीत, चामट दिसला तर सेल्युलोज तयार करणारा दुसरा जीवाणू शिरलाय आणि टाकी धोक्यात आहे. वर तयार झालेलं आम्ल सावकाश खाली उतरतं, खालचं द्रव वर येतं. टाकी ढवळायची नसते. याला साधारण शंभर दिवस लागतात, आणि त्यानंतर मुरवायला वर्षाच्या आसपास.

हेच काम यंत्राने एक-दोन दिवसांत होतं. त्यात जादू काही नाही. पृष्ठभाग वाढवला की जीवाणूंना हवा जास्त मिळते, हे युरोपात १८२३ पासूनच लाकडाच्या कपच्यांवरून दारू ठिबकवून वापरात होतं. ओर्लेआंची फ्रेंच पद्धत त्याआधीची, आणि ती मियाझुच्या पद्धतीची सख्खी बहीण आहे. हे सगळं जिवंत जीवांचं काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात सिद्ध केलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर टाकीच्या तळातून हवा घुसळणारी यंत्रं आली आणि जगातलं बहुतेक व्हिनेगर त्या वाटेने होऊ लागलं. तेही खरं, आंबवलेलं व्हिनेगरच आहे. त्याला खोटं म्हणणं अन्यायाचं होईल. ते सपाट असतं, कारण एका रात्रीत फक्त आम्लच तयार होऊ शकतं.

आता एक आकडा. जपानी मानकांप्रमाणे बाटलीवर ‘तांदळाचं व्हिनेगर’ लिहायचं तर लिटरमागे ४० ग्रॅम तांदूळ पुरतो, बाकीचं काम बाहेरून घातलेल्या शुद्ध अल्कोहोलवर भागवता येतं. मियाझुच्या त्या घरात लिटरमागे २०० ग्रॅम तांदूळ वापरतात. म्हणजे पाचपट. लेबलवर शब्द तेच, कायद्याच्या दृष्टीने वस्तू तीच. शिवाय तो तांदूळ १९६४ पासून कीटकनाशकाविना पिकवलेला. ज्या काळात औषध फवारणं हीच प्रगती समजली जात होती, त्या काळात शेतातले मासे आणि काजवे नाहीसे होताना पाहून त्या घराने आसपासच्या शेतकऱ्यांची मनधरणी केली आणि तांदळाला चढा भाव दिला. कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

कारागिराची निष्ठा हा शब्द जपानच्या बाबतीत इतका वापरला जातो की त्यातला जीव गेलाय. डोंगर, धुकं, मौन, पांढरी दाढी असं चित्र रंगवलं जातं. मला ती निष्ठा त्या पाचपटीत दिसते. जे काम कायदा मागत नाही, गिऱ्हाईक मागत नाही आणि न केलं तर निदान पहिली काही वर्षं कोणाच्या लक्षातही येणार नाही, ते रोज करत राहणं. हे पुस्तक त्या रोजच्या कामाचा मागोवा घेतं. त्यासाठी त्यात पैशांचाही विचार करावा लागला आहे. टाकी शंभर दिवस अडकून पडते तेव्हा भांडवलही अडकतं. तीन वर्षं मुरणारा रांजण तीन वर्षं काही कमवत नाही. निष्ठेची किंमत कोण आणि कशी चुकती करतं, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक करणं मला पटत नाही.

यानागी सोएत्सु यांनी १९२५ मध्ये मित्रांसोबत ‘मिंगेई’ म्हणजे लोककला ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये तोक्योत तिचं संग्रहालय उभं केलं. रोजच्या वापरातली, निनावी हातांनी भरपूर संख्येने केलेली वस्तू सुंदर असते, हे त्यांचं म्हणणं जपानी कारागिरीच्या सगळ्या चर्चेचा पाया ठरलं. पण संग्रहालयात रांजण ठेवता येतो, रांजणातलं व्हिनेगर ठेवता येत नाही. ते खाऊन संपतं. १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा झाला, तो कुंभार, विणकर, लाखकाम करणारे यांच्यापुरता. खाद्यपदार्थ करणाऱ्यांकडे कारागीर म्हणून पाहायला राज्याला फार उशीर लागला. कोजी वापरून साके गाळण्याची विद्या २०२१ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात नोंदली गेली आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्या नोंदींत व्हिनेगर नाही. व्हिनेगर करणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे साके गाळणंच असतं. त्या अर्ध्याला वारशाचा मान मिळाला आणि उरलेलं अर्धं बाहेर राहिलं.

आज हे सगळं लिहून ठेवायची निकड आहे. डोंगरउतारावरच्या भातखाचरांत काम करणारी माणसं म्हातारी झाली आहेत. मोठी लाकडी पिंपं बांधणारे इतके कमी उरले की शोदोशिमा बेटावरच्या एका सोया सॉस करणाऱ्याने २०१२ मध्ये स्वतःच पिंपं बांधायला शिकून इतरांना शिकवायला सुरुवात केली. आता दरवर्षी वेगवेगळ्या गावांहून आंबवणाऱ्या घरांतली माणसं तिथे जमतात. या साखळीत व्हिनेगर शेवटी येतं, म्हणून आधीची कुठलीही कडी तुटली की पहिला फटका त्यालाच बसतो. तांदूळ, कोजी, साके, पिंप, पापुद्रा. यातलं एक नसलं तरी ते होत नाही.

या पुस्तकातून काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत. कुरोझु प्यायल्याने अमुक आजार बरा होतो, वजन उतरतं, रक्तदाब सुधारतो असे दावे बाजारात भरपूर आहेत आणि त्यांच्या जोरावर बाटल्याही खपतात. त्यातलं काहीही इथे दिलेलं नाही. व्हिनेगर हे अन्न आहे, आणि अन्न म्हणूनच ते मोठं आहे. जपानी नावं आडनाव आधी या तिकडच्या रिवाजाने लिहिली आहेत, आणि कोजी, साके, कुरोझु असे शब्द तसेच ठेवले आहेत. पाककृती थोड्या आहेत आणि त्या आपल्याकडे मिळणाऱ्या जिनसांत बसतील अशाच निवडल्या आहेत.

वाचकाला एक विनंती आहे. वाचायला घेण्याआधी शक्य असेल तर तांदळाच्या चांगल्या व्हिनेगरची एक छोटी बाटली आणा. मोठ्या शहरांतल्या दुकानांत आता ती मिळते. चमचाभर व्हिनेगर कोमट पाण्यात घाला, शेजारी घरातल्या नेहमीच्या बाटलीतलं तसंच घाला, आणि आधी वास घ्या, मग चाखा. पुढच्या पानांतल्या बऱ्याच गोष्टी त्या दोन पेल्यांतल्या फरकाबद्दलच आहेत.